प्रसेनजीतचं शेवटचं प्रकरण

३ जून १९९९
आजपासून रोज दोन पानं. किशोर कादंबरी दिवाळीपर्यंत पूर्ण. आजारी मुलगा, गरिबी, विजोड मैत्री, शेवटी मरण. मुलगा शेजारच्याच फ्लॅटमध्ये सापडला! प्रसेनजीत, वय अकरा, हृदयाची झडप खराब. देवच पावला.

६ जून
त्याचे वडील बँकेत मॅनेजर निघाले. घरात फ्रिज. माझी पंचाईत. कादंबरीत त्यांना हमाल केलं. त्याच्या आईला, दीक्षाताईंना, तसं सांगितलं. माझा अर्धा प्यालेला कप उचलून आत गेल्या. भारावल्या असाव्यात.

११ जून
दुपारी बारा ते एक लाइट नव्हती. त्यामुळे दिवसभर लिहिलं नाही.

१५ जून
विजोड मित्र मिळवला. अमरसिंह. गंगावेशीत दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढून देणाऱ्या पिराजीचा मुलगा. प्रसेनजीतच्या कॉटशेजारी नेऊन बसवला, मैत्री करा म्हटलं. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी बाहेर पडताच आत हसू फुटलं. जमलं! कादंबरीत मीही आहे. प्रेमळ काकू.

२४ जून
मी गेले की पोरं गप्प होतात. आदर. अमरसिंहला विचारलं, मित्र जाणार म्हणून रडू येतं का? म्हणतो, "मिरजेला आपरेशनला जाणार न्हवं? मी बी येतोय की. रडायचं काय त्यात?" निव्वळ दगड. कादंबरीत रडवलाय.

२ जुलै
मधली प्रकरणं नंतर. शेवट आधी लिहिला. परवा सकाळी प्रसेनजीतला ऑपरेशनला नेणार. डॉक्टर म्हणतात, नक्की बरा होईल. म्हणजे आत्ताच वाचून दाखवायला हवं. बरा झाल्यावर ऐकण्यात त्याला काय गोडी?

३ जुलै
वाचलं. नायक ऑपरेशनच्या टेबलावरच जातो, मुठीत मित्रानं दिलेला भोवरा. प्रसेनजीत पांढराफटक. एवढी दाद मला आजवर कुणी दिली नव्हती.

संध्याकाळी
त्यानं कॉटचा गज धरून ठेवलाय. "मी न्हाय जाणार. काकूंनी लिहिलंय." दीक्षाताई म्हणाल्या, पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नका. ताणात माणूस काहीही बोलतो.

४ जुलै
सकाळी अमरसिंह आत गेला. थोड्या वेळानं दोघांचं खिदळणं. प्रसेनजीत आपल्या पायांनी जिना उतरला, जीपमध्ये बसला. शेवटी माझ्या शब्दांनीच बळ दिलं.

२२ जुलै
प्रसेनजीत परत आला. गॅलरीत उभा, गाल भरलेले. माझ्या गॅलरीतूनच विचारलं, त्या दिवशी कसा रे तयार झालास?

"अमऱ्यानं शेवट बदलला की! काकूला म्हशीनं उडवलं. काकू मेली. पोरगं बरं झालं. लई हसलो बघा. मग गेलो."

आत येऊन ती तीन वाक्यं कागदावर उतरवली. लाल पेन घेऊन बसले.

कापण्यासारखं काही सापडलं नाही.