आत्याचे बारा सेकंद

प्रिय नझीहा आत्या,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. आमचा माहितीपट पूर्ण झाला. त्यात तू बारा सेकंद आहेस, कॉफी ओतताना.

तू दोन गोष्टी सांगितल्या होत्यास. आजारी वसीमला इस्रायली सैनिकांनी नाक्यावर तीन तास अडवलं, म्हणून तुझं पोर गेलं. आणि हैफाच्या इस्पितळात एका ज्यू नर्सने शेवटपर्यंत त्याचा हात सोडला नाही. तेल अवीवच्या वाहिनीने पहिली गोष्ट काढायला लावली; म्हणाले, पुरावा नाही. मग रामल्लाच्या पॅलेस्टिनी चित्रपट महोत्सवाने दुसरी काढायला लावली. म्हणाले, शत्रूचं कौतुक नको. दोन्ही वेळा कात्री मीच चालवली.

चित्रीकरणाच्या दिवशी तू कॅमेरावाल्याला दटावलं होतंस, "आधी कॉफी संपव रे, मग विचार काय ते. आमची रुबा घरातली पहिली पदवीधर आहे. माझा शब्द इकडचा तिकडे होऊ देणार नाही ती."

शुक्रवारी तू सगळ्या गल्लीला बघायला बोलावलं आहेस. काल फोनवर विचारलंस, "वसीमचं नाव नीट ऐकू येतं ना गं?"

मी म्हटलं, "आत्या, तू फार छान दिसतेस."

तुझी,
रुबा