सात नंबरचा जोड

रत्नागिरी, मंगळवार, दिवेलागण

चहा समोर निवतोय. पुलाच्या कारागिरांवर लेख लिहायला खाडीवर गेलो होतो. मथळाही घरूनच ठरवून. ‘कारागिरीत कमीपणा कसला?’

तिथे प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी स्वतःचा नंबर रंगवतो. जोड सुटला तर कुणाला धरायचं ते ठाऊक. मुकादम म्हणाला, “सातचा जोड बघा. असा हात दुसऱ्या कुणाचा नाय.”

सात नंबरने तोंडावरची ढाल वर केली. आमच्या दादाची मधुरा. चिपळूणला कॉम्प्युटरवर बसते म्हणून मला सांगितलेली.

मी हळूच म्हटलं, “घाबरू नको, तुझ्या बाबांना बोलणार नाही.”

“बाबाच आयटीआयला सोडायला यायचे, काका. तुम्हांलाच सांगू नको म्हणाले.”

“मला? का?”

“मी वेल्डिंग शिकायचं म्हटलं, तर गणपतीत सगळ्यांदेखत म्हणालात ना, आता आपल्याकडे पळी-पंचपात्रीऐवजी घण-ऐरण पुजायची. मी उठून आत गेले होते.”

मला आठवतही नाही. तेव्हा विनोद जमला असं वाटलं असणार.

सात नंबर. तिच्या जोडाशेजारी तो आहे. माझ्या वाक्याशेजारी काहीच नव्हतं, तरी तिने बरोबर मलाच धरलं.