सिक्युरिटीचं एक्स्टेंशन

आणि मामा, पुन्हा एकदा सांगतो, मी तिथे तुमचं नाव घेतलं ते तुमची बदनामी करायला नव्हे. साहेबांनी विचारलं, काँप्युटरमध्ये हे कोणी घालायला सांगितलं? मी खरं ते सांगितलं, "मामा." इथे मामा म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांना वाटलं, ती एखादी कंपनी असेल. (साहेबांनी स्पेलिंग विचारून लिहूनसुद्धा घेतलं.) म्हणजे तुमची अब्रू जिथल्या तिथे आहे. हे सगळं मीच हौसेनं तुम्हाला फोनवर सांगितलं, आणि तुम्ही काय केलंत, मलाच ब्लॉक केलंत! आता पत्राशिवाय इलाज नाही. पत्र ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. फार तर तुम्ही फाडून टाकाल, पण वाचल्याशिवाय फाडणार नाही, एवढा तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

रागाच्या भरात नमस्कार राहिला. तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. आमच्या खोलीत दोन खाटांच्या मधून माणूस आडवा होऊन चालतो. तिथे खरंच अंग टाकायचं तर बारक्याला त्याच्या खाटेसकट बाहेर काढावं लागेल.) तुमचा खोकला कसा आहे, मामींची कंबर काय म्हणते, दुकानातल्या काचेच्या कपाटाची किल्ली सापडली का, की अजून फोनची कव्हरं बाहेरूनच दाखवताय? माझी तब्येत उत्तम. अंगावरचे शर्ट तंग व्हायला लागलेत, तेव्हा मुलगा बाळसं धरतोय असं आईला सांगा. (खरं म्हणजे शर्ट आटलेत. लाँड्रीत कामाला असून स्वतःचे कपडे उकळत्या पाण्यात घातले. हे सांगू नका.)

या पत्रात माझ्या धाकट्या बहिणीचा विषय मी काढणार नाही. तुमचं आणि काकांचं जे चाललंय त्यातही मला पडायचं नाही. मी फक्त तुमच्या नावाचं काय झालं तेवढं सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे की मला धुण्याच्या मशीनवरून उचलून पुढच्या खोलीत काँप्युटरसमोर बसवलं. मी हुशार म्हणून नव्हे. तिथला माणूस सोडून गेला आणि त्या वेळी माझे एकट्याचेच हात कोरडे होते. काम सोपं आहे. हॉस्पिटलकडून किती चादरी हव्यात ते पडद्यावर येतं, आपण पिशव्या मोजायच्या, गाडीत चढवायच्या आणि बटण दाबायचं. अडचण एकच, ते सगळं इथल्या भाषेत येतं आणि आपली शाळा कशी झाली ते तुम्ही पाहिलंय. तेव्हा तुम्हीच मला फोनवरून ते पान मराठी करणारं एक्स्टेंशन घालायला शिकवलंत. ते उपकार मी विसरलेलो नाही. ते मराठी थोडं चमत्कारिक आहे एवढंच. चादरींना ते पत्रे म्हणतं. उशीच्या अभ्र्याला म्हणतं 'उशी प्रकरण'. रोज सकाळी आमच्याकडे चाळीस-पन्नास उशी प्रकरणं येतात, जणू आम्ही कोर्टच चालवतो. माल रवाना करायच्या बटणावर लिहिलंय 'ठार करा'. हॉस्पिटलचं नाव, त्याखाली 'ठार करा', आणि मी ते दिवसभर दाबत असतो. वरच्या कोपऱ्यात एक बटण आहे, 'घरी जा'. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, एवढ्यात काढलं की काय आपल्याला. बारक्या म्हणाला, ते पहिल्या पानावर जायचं बटण आहे. असेल. मी अजून त्याला हात लावलेला नाही.

हे सगळं छान चाललं होतं. मग तुम्ही म्हणालात, परक्या मुलखातला काँप्युटर आहे, एका सुरक्षेवर विसंबू नकोस, अजून एक घाल. कंपनीची एक सुरक्षा आत आधीपासून होती, पण तुम्हाला दाराला दोन कुलपं लावल्याशिवाय झोप येत नाही, तर काँप्युटरला कशी येणार! घातली. दुसऱ्या दिवसापासून पान उघडलं की अर्धं यायचं. मग पांढरं व्हायचं. मग कोपऱ्यात लाल चौकट, मग त्या चौकटीवर दुसरी लाल चौकट, आणि काँप्युटर असा घरघरायचा की मला वाटायचं आतून तुम्हीच खोकताय.

पिशव्या भरून तयार, आणि कुठली पिशवी कुठे पाठवायची ते कळायला मार्ग नाही. साहेब आले. (आमचे साहेब दिवसभरात 'हुं' एवढंच म्हणतात. आनंद झाला तरी हुं, राग आला तरी हुं. म्हणून आम्ही त्यांना हुं-साहेब म्हणतो.) त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कोणाला तरी फोन लावला, बराच वेळ हुं हुं केलं, आणि माझ्याकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. त्यातले मला तीनच शब्द कळले. सिक्युरिटी. एक्स्टेंशन. फाइट. मग त्यांनी उपटून काढल्यासारखा हात केला आणि म्हणाले, "एक्स्टेंशन, ऑफ."

आता मामा, तुम्हीच सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? सिक्युरिटी म्हणजे आमचे फाटकावरचे आजोबा. गोरेपान, मिशीवाले, निळ्या गणवेशात केबिनमध्ये बसलेले असतात. आणि एक्स्टेंशन काय असतं ते आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या दुकानातून काकांच्या शिवणाच्या दुकानात जाणारी ती पांढरी वायर आणि तिच्या टोकाचा बोर्ड. त्यावर काकांचं मशीन चालायचं, पंखा चालायचा, काकूंची इस्त्री चालायची. तुमची आणि काकांची धाकटीवरून जुंपली तेव्हा तुम्ही तावातावानं काय केलंत? एक्स्टेंशन काढून घेतलंत. भांडण झालं की एक्स्टेंशन काढायचं, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हटलं, जगात सगळीकडे हीच रीत दिसते.

आजोबांच्या केबिनमध्ये गेलो. टेबलाखाली एक्स्टेंशन होतंच. त्याला किटली, पाय शेकायची शेगडी, फोन आणि आणखी एक जाडी काळी वायर. आजोबा कपात चहाची पुडी बुडवत होते. मी हात जोडले, म्हटलं, "आजोबा, माझं तुमच्याशी काही वैर नाही, वरून हुकूम आहे," आणि बोर्ड भिंतीतून उपटून काखेत मारला. त्यांना शब्द कळला नसेल, पण सूर कळला असावा. त्यांनी अडवलं नाही. चहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गार व्हायच्या आत चहा पिऊन टाकला.

जाडी काळी वायर फाटकाची होती. ते आमच्याकडे विजेवर सरकतं. तेव्हा नेमकी हॉस्पिटलची गाडी आत येत होती. पुढची चाकं आत, मागची रस्त्यावर आणि मधोमध फाटक, असा प्रकार. मागे दुसऱ्या गाड्या, सगळ्यांचे हॉर्न. ड्रायव्हरला दार उघडायला जागा नाही, तो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन जे काही बोलत होता त्याला एक्स्टेंशनची गरज नव्हती, सगळं कळत होतं. आणि मी बोर्ड घेऊन साहेबांसमोर उभा, फत्ते करून आल्यासारखा. साहेबांनी बोर्डाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं 'हुं' घशातच राहिलं.

बारक्या इस्त्रीच्या खोलीतून धावत आला. (बारक्या नाव आहे, दारातून येताना वाकतो.) म्हणाला, "अरे गाढवा, काँप्युटरमधलं एक्स्टेंशन! तुझं ते मराठी करणारं!"

"मग सिक्युरिटी?"

"ती पण आतलीच!"

"आणि भांडतंय कोण?"

"त्या दोघी. आणि तुझं एक्स्टेंशन मध्ये मार खातंय."

संध्याकाळच्या आत काँप्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. साहेबांनी बारक्यामार्फत निरोप दिला की उद्यापासून मी परत धुण्याच्या मशीनवर, आणि ते मराठीबिराठी कायमचं बंद. मामा, मला बोलणी खायची सवय आहे. पण ती खुर्ची जाणं मला परवडणारं नव्हतं. त्या खुर्चीचा पगार वेगळा आहे आणि तो कशासाठी हवाय ते मी या पत्रात लिहिणार नाही असं ठरवलंय.

बाई शांत होत्या. तोंडात काहीतरी चघळत होत्या. त्यांनी आधी सगळी एक्स्टेंशनं बंद केली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, मग एकेक चालू करून बघत गेल्या. कुठलं चालू केलं की लाल चौकट येते, तेवढंच बघायचं. ओरडणं नाही, उपटणं नाही. बारक्या मला समजावत होता. म्हणाला, तुझं एक्स्टेंशन पान वाचतं आणि बदलतं, म्हणून सुरक्षेला ते चोर वाटतं. कंपनीची सुरक्षा त्याला धरते. तुझ्या मामांची सुरक्षा म्हणते, ही कोण धरणारी, हीच चोर असेल, म्हणून ती तिला धरते. दोघींना काँप्युटर वाचवायचाय. दोघी इमानदार आहेत. आणि दोघींच्या इमानदारीत पान काही उघडत नाही.

बाईंनी तुमची सुरक्षा काढून टाकली. (राग मानू नका, एका काँप्युटरवर अशा दोन ठेवायच्याच नसतात म्हणे, कितीही चांगल्या असल्या तरी.) मग कंपनीच्या सुरक्षेत गेल्या आणि साहेबांकडे बघितलं. परवानगी त्यांची लागते. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी बोर्ड अजून काखेत धरूनच उभा होतो. मग ते म्हणाले, "हुं." बाईंनी एक बटण दाबलं. माझ्या एक्स्टेंशननं त्याचं लगेच मराठी केलं: 'अपवाद जोडा.' अपवाद हा शब्द मी शाळेनंतर पहिल्यांदाच पाहिला. तेव्हा गुरुजी म्हणायचे, या वर्गात सगळी मुलं हुशार आहेत, एक अपवाद. इथे मात्र अपवाद म्हणजे चांगला निघाला. तू पहारा सोडू नकोस, फक्त याला ओळखून ठेव, हा घरचा आहे, याला जाऊ दे. आणि माझ्या एक्स्टेंशनला ताकीद दिली, तू एवढं एकच पान वाचायचं, बाकी ठिकाणी नाक खुपसायचं नाही. ब्राउझर बंद, पुन्हा चालू. उशी प्रकरणं सगळी जागेवर हजर.

मी बोर्ड आजोबांना परत नेऊन दिला, स्वतः लावला. त्यांनी किटली चालू केली आणि पहिला कप माझ्यासमोर ठेवला. खुर्ची आहे. नोकरी आहे. तुमचं नाव साहेबांच्या वहीत आहे, त्यापुढे त्यांनी फुली मारली आहे. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, आईला सांभाळा.

तुमचा आज्ञाधारक (एक अपवाद सोडून) भाचा

ता. क. धाकटीचा विषय काढणार नाही म्हटलं होतं. काढतो. नर्सिंगला तिचा नंबर लागलाय आणि प्रवेशाची मुदत या महिन्याअखेर संपतेय. काका म्हणतात होस्टेलवर राहील, तुम्ही म्हणता तुमच्या ओळखीच्या घरी राहील. आई म्हणते दोघांचा होकार आल्याशिवाय पोरगी पाऊल टाकणार नाही. तुम्हाला दोघांना तिची काळजी आहे, हे मी कोणासमोरही सांगेन. काकांनी मोडता घातला तो तुमच्या घराला, तुम्ही घातलात तो काकांच्या होस्टेलला. पोरीला कोणीच नको म्हटलेलं नाही, आणि पोरगी घरात बसून आहे.

ता. क. दुसरा. दोघांतला एक काढून टाका असं मी कसं म्हणेन, तुम्ही काही काँप्युटर नाही. तुम्ही फक्त एक अपवाद जोडा. होस्टेलला हो म्हणा, दर रविवारी तुम्ही तिथे जाऊन तिच्या दाराची कडी तपासा, काका आड येणार नाहीत. मी त्यांना विचारलंय. ते म्हणाले, "मी बोलेन रे, पण त्यांनी मला ब्लॉक केलंय." वर असंही म्हणाले की मशीन हल्ली पायानं मारतात आणि गुडघा दुखतो. हे तुम्हाला सांगू नकोस म्हणाले होते.

ता. क. तिसरा. मला अनब्लॉक केलंत तर कळवा. म्हणजे, केलंत की मला कळेलच. पैसे उद्या तुमच्या खात्यावर टाकतो. फी अठरा हजार, आणि एका नव्या एक्स्टेंशन बोर्डाचे, वायर लांब घ्या, काकांच्या दुकानापर्यंत पोचायला हवी, साडेचारशे. एकूण अठरा हजार साडेचारशे.