स्लाइड माझी नव्हे

३ फेब्रुवारी
खोकल्याला तीन महिने झाले. आज डॉक्टरांनी नळी घालून फुप्फुस सलाइननं धुतलं आणि ते पाणी लॅबला पाठवलं. माझ्याच जुन्या लॅबला! तीस वर्षं अशा स्लाइड्स मी वाचल्या. काही निघणार नाही. जन्मात सिगरेट ओढलेली नाही.

५ फेब्रुवारी
रिपोर्ट: धूम्रपान करणाऱ्याच्या पेशी. मूर्खपणा! स्लाइड बदलली, दुसरं काय? माझ्या हाताखाली शिकलेला चष्मिस आता तिथे प्रमुख आहे. लेबलांचा घोळ तो तेव्हाही घालायचा. इंग्रजीत तक्रार लिहिली. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनीही एक चूक काढली नसती.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
रोजच्यासारखी ह्यांच्या खुर्चीजवळ ॲशट्रेत एक पेटवून ठेवली. हे जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं शेवटचं पाकीट अजून पुरतंय. ओढणं वेगळं, जळू देणं वेगळं. धूर खुर्चीत जमला की कुणी पाठ टेकून बसल्यासारखं दिसतं. मी फक्त समोर बसते. जवळ.

९ फेब्रुवारी
लॅबमध्ये जाऊन स्लाइड स्वतः पाहिली. मॅक्रोफेज, म्हणजे फुप्फुसातल्या सफाई कामगार पेशी, तपकिरी कणांनी तट्ट फुगलेल्या. धूर गिळलाय, पचत नाहीये. मग त्या मदतीला हाका मारत सुटतात, धावून आलेल्या पेशी घराचीच नासधूस करतात. त्यालाच दाह म्हणायचं. चष्मिसला हे मीच शिकवलं, आज तो मला ऐकवत होता! वर विचारतो, मॅडम, घरात कोण ओढतं? म्हटलं, कुणी नाही. आधी लेबल तपास.

१२ फेब्रुवारी
लेकीचा फोन. म्हणाली, आई, पडद्यांना अजून बाबांचा वास येतो, मला काय कळत नाही? बाबा फुप्फुसानं गेले, आता तुलाही तसंच घालवू का? म्हटलं, वरच्या मजल्यावरचा ओढतो. म्हणाली, वरचा मजला वर्षभर रिकामा आहे.
असेल. उद्यापासून बंद. खोकला तरीही जाणार नाही, मग बघू कोण खरं.

१३ फेब्रुवारी, ७.००
पेटवली नाही. सोपं आहे.
७.१०. कुणीतरी खोकलं. मी नव्हे. खुर्चीकडून आलं.
७.२०. पेटवली. विझायला लागली म्हणून एक झुरका घ्यावा लागला. स्टोव्हला पंप मारतोच ना आपण? त्याला ओढणं म्हणत नाहीत.

२० फेब्रुवारी
चष्मिसनं नोंदवही पुढे केली. लेबल बरोबर. स्लाइड माझीच. पुन्हा भिंगाखाली पाहिली. म्हणाला, मॅडम, आजपासून बंद केलंत तर दोन-तीन वर्षांत हे कण हळूहळू नाहीसे होतील. बघा, काही उरणार नाही.
काही उरणार नाही! असं सांगतात का कुणाला?

२१ फेब्रुवारी
निर्णय पक्का: बंद. पाकीट संपलंच होतं. दुकानात गेले ती फक्त काडेपेटीसाठी. नव्या दुकानदारानं न विचारता साहेबांचा ब्रँड काढून ठेवला, दर सोमवारसारखा. म्हणाला, साहेब स्वतः कधी येत नाहीत, बरे आहेत ना?
म्हटलं, आहेत.
खोटं बोलले नाही. कालच भिंगाखाली पाहिलंय.