आंबेटाकळीच्या बसचा तारांकित प्रश्न

२ जून १९८६, परभणी

आमदार दिवसभर काय करतो? काल धुरपदाने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. धुरपदा माझी धाकटी बहीण, यंदा सातवी पास. मी बी.ए., राज्यशास्त्र, सेकंड क्लास. घरातली पहिली पदवीधर. 'विधिमंडळाचे अधिकार' या प्रश्नाला मी पुरवणी घेतली होती. तरी बैलापुढे कडबा टाकता टाकता ती म्हणाली, अक्का, मास्तर शिकवतोय, डाक्टर सुई टोचतोय, मंग आमदार दिसभर काय करायलाय गं? मी म्हणाले, कायदे करतो. ती म्हणाली, रोज?

उद्यापासून आमदार दिनकररावसाहेबांच्या ऑफिसात पत्रं लिहिण्याची नोकरी. आठवड्याभरात उत्तर मिळेलच.

३ जून

ऑफिस खताच्या दुकानाच्या माडीवर. वास खताचाच. साहेबांनी नाव विचारलं. कडूबाई म्हणाले. (माझ्याआधीची दोन पोरं गेली, म्हणून मला हे नाव. मी जगले, नाव राहिलं.) साहेब म्हणाले, नाव कडू, अक्षर गोड! खोलीतली सगळी हसली. मला अभिमान वाटला. दुपारी कळलं की ते प्रत्येक नावावर असंच काहीतरी म्हणतात.

पहिल्या दिवसाचं काम: लग्नाच्या शुभेच्छा आणि सांत्वनाची पत्रं. कायदा एकही नाही. एका सांत्वनपत्रात 'नव्या आयुष्यास हार्दिक शुभेच्छा' असं गेलं. साहेबांचे जुने पीए व्यंकटराव यांनी पोस्टात टाकण्याआधी पकडलं. म्हणाले, ताई, गेलेल्या माणसाला चालंल, पर घरचे कोर्टात जातील.

संकल्प: साहेबांना सहा महिन्यांत अभ्यासू आमदार करणे.

९ जून

गावी जाऊन आले. आठवीची शाळा झरीला. आमच्या आंबेटाकळीहून सहा किलोमीटर, मध्ये ओढा, बस नाही. बा आणि माय दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. मी आजोळी राहून शिकले. आता आजोळी कुणी उरलं नाही. शेजारच्या चतुराबाई धुरपदाला घरी ठेवायला तयार आहेत, पण एकट्या पोरीने पायी झरीला जायचं, ही जबाबदारी त्या घेत नाहीत. बसने गेली तर हरकत नाही.

बा म्हणाला, दिवाळीपस्तोर बस आली तर शिकू दे. न्हाईतर आमच्यासंगं येती. मोळ्या बांधाया हात लागतेत.

मी म्हणाले, बा, बस मी विधानसभेतून आणते.

बा म्हणाला, विधानसभेला चाकं हायत का?

त्याला लोकशाही समजावून सांगितली. ऐकता ऐकता झोपला. दिवसभर नांगर धरलेला माणूस, हे कारण असावं.

१६ जून

साहेब मुंबईला गेले. जाताना लेटरहेडच्या गठ्ठ्यावर खालच्या बाजूला नुसत्या सह्या करून ठेवल्या. वर काय लिहायचं ते आम्ही लिहायचं. माणूस येतो, काम सांगतो, चिठ्ठी घेऊन जातो. आज परभणीतल्याच एका मुलींच्या वसतिगृहासाठी चार शिफारशी लिहिल्या. चिठ्ठी हातात पडली की बाप लोक ती कपाळाला लावतात, मग टोपीत ठेवतात.

व्यंकटराव म्हणाले, तुमची बी बहीण हाय ना? घ्या की लिहून एक.

मी म्हणाले, नाही. सत्तेचा वापर घरासाठी करायचा नाही. ते म्हणाले, सत्ता कुटं, कागद हाय त्यो.

नोंद करून ठेवते: ज्या दिवशी घरच्यांसाठी चिठ्ठी लिहीन, त्या दिवशी राजीनामा. आणि मी राहते त्या मावशीच्या खोलीत धुरपदाला आणणं शक्य नाही. छबूमावशीकडे सात माणसं, मी आठवी. झोपताना माझं डोकं शिलाई मशीनच्या पायडलखाली असतं. वळताना चाक फिरतं.

२ जुलै

आज माझ्या आयुष्यातलं पहिलं विधिमंडळीय काम. तारांकित प्रश्न लिहिला. (१) आंबेटाकळी, जि. परभणी येथील विद्यार्थिनींना बसअभावी शिक्षण सोडावे लागत आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, ही बस केव्हा सुरू करण्यात येणार आहे. (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

मुंबईहून आलेल्या साहेबांनी वाचला. म्हणाले, लय झकास. आंबेटाकळी कुणीकडं आली?

सही केली. तारांकित म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. मंत्री उभा राहतो आहे, 'आंबेटाकळी' म्हणतो आहे, हे दिवसभर डोळ्यांपुढे येत होतं. तीन लग्नांच्या शुभेच्छा राहून गेल्या.

११ जुलै

सकाळी मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे म्हणणारे आले. साहेब म्हणाले, तुमचं बरोबर हाय. दुपारी नको म्हणणारे आले. साहेब म्हणाले, तुमचं बी बरोबर हाय. मला राहवलं नाही. विधिमंडळाने अठ्ठ्याहत्तर साली ठराव केला. आमदारच त्याच्यामागे उभा राहणार नाही तर कोण राहणार? त्यांच्यासाठी स्पष्ट भूमिकेचं सहा पानी भाषण लिहिलं. त्यांनी पूर्ण वाचलं. डोळे पुसले. घडी करून खिशात ठेवलं. संध्याकाळच्या सभेत बोंडअळीवर बोलले.

पण खिशात ठेवलं. हृदयाच्या बाजूच्या खिशात. बदल होतो आहे.

२७ जुलै

बस आली!! आंबेटाकळीत बस आली! प्रश्न पाठवताच यंत्रणा हलली. आंब्याच्या डहाळ्या, फुगे, वाजंत्री. साहेबांनी बंपरवर नारळ फोडला. धुरपदा नवीन परकर घालून पहिल्या सीटवर. साहेब तिच्या शेजारी बसून झरीपर्यंत आले. फोटो निघाला.

ओढ्यात बस रुतली. गावाने ढकलून काढली. ड्रायव्हर म्हणाला, आज साहेबासाठी आणली. वरून सांगतील तर उद्या बी आणीन, पर ढकलाया सकाळी सात वाजता गाव जमवून ठेवा.

त्याचा स्वभाव निराशावादी वाटला.

५ ऑगस्ट

साहेबांचा कार्यअहवाल लिहिते आहे. पंधरा ऑगस्टला प्रकाशन. पान सातवर लिहिलं: 'आंबेटाकळीच्या लेकी आता बसने शाळेत जाऊ लागल्या आहेत. चाकांबरोबर एक पिढी पुढे सरकते आहे.' दुसरं वाक्य फार चांगलं झालं आहे. तीनदा वाचलं.

व्यंकटराव म्हणाले, बस त्या दिसानंतर आली का? मी म्हणाले, ओढ्याचं पाणी उतरलं की येईल. छापून होईपर्यंत सुरू होईलच. आणि छापलं की यंत्रणेवर नैतिक दबाव येतो. ते म्हणाले, ताई, मी अठरा वर्षं हितं हाय. न झालेलं छापू नये. झालेलं छापताना बी दोनदा इचार करावा. छापलेलं परत येतंय.

वयाने मोठे आहेत. वाद घातला नाही.

१८ ऑगस्ट

अहवालाच्या प्रती स्वतः पोस्टात टाकल्या. प्रत्येक मंत्र्याला एक. पान सातवर खूण म्हणून कागदाचा कपटा घातला.

९ सप्टेंबर

धुरपदा झरीला चालत जाते आहे. ओढ्याला पाणी असलं की नाही जात. आधी तिघी जायच्या. एकीचं लग्न ठरलं, दुसरीच्या पायाला काटा रुतला तो तिच्या बापाला कायमचं कारण म्हणून पुरला. आता धुरपदा एकटी, म्हणून बा सोबत जातो आणि कापसाची खुरपणी राहते. बा काही बोलत नाही. बोलला असता तर उत्तर तयार होतं.

१४ ऑक्टोबर

मुंबईहून कळलं: अधिवेशनात वेळेअभावी प्रश्न पुकारला गेला नाही, म्हणून तारांकितचा अतारांकित झाला. लेखी उत्तर पोस्टाने येईल. मंत्री उभा राहणार नाही. बसून लिहील. माझ्या मते हे जास्त चांगलं. लेखी असलेलं पक्कं असतं.

दसऱ्याला घरी गेले होते. बा माझ्याकडे कधी काही मागत नाही. पण निघताना म्हणाला, कडू, ती हॉस्टेलची चिठ्ठी म्हणतेत, ती आपल्या धुरपीला एक मिळंल का? मी त्याला वशिलेबाजीवर भाषण ऐकवलं. चांगली वीस मिनिटं. इतरांच्या मुलींना मी अकरा चिठ्ठ्या दिल्या, त्या हक्काच्या मुलींच्या जागा आपण कशा घ्यायच्या? बा म्हणाला, बरं. आणि पायताण घालून कोयत्याला मूठ बसवायला गेला.

माय म्हणाली, तू लय शिकलीस बाई. हे कौतुक होतं का, हे पायी झरीला येऊन बसमध्ये बसल्यावरही कळेना.

२८ ऑक्टोबर

उत्तर आलं.

(१) हे खरे नाही. (२) सन्माननीय सदस्यांच्या कार्यअहवालात, पृष्ठ ७ वर, आंबेटाकळी येथील मुली बसने शाळेत जाऊ लागल्या असल्याचे नमूद आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

सोबत पान सातची नक्कल. माझं दुसरं वाक्य कुणीतरी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. तेवढं लेखिका म्हणून बरं वाटलं. मग जिन्यावर जाऊन बसले. व्यंकटरावांनी चहा पाठवला. 'छापलेलं परत येतंय' हे ते एकदाही म्हणाले नाहीत. मोठा माणूस.

साहेब म्हणाले, आपल्या अहवालाचा मंत्रालयात एवढा अभ्यास होतोय? आणि पुढच्या वेळी जास्त प्रती काढायला सांगितल्या.

५ नोव्हेंबर

भाऊबीज झाली. ऊसतोडीचा ट्रक परवा येणार. धुरपदाचं दप्तर मायने ज्वारीच्या कणगीवर ठेवून दिलं आहे. धुरपदा रडली नाही. म्हणाली, अक्का, तिथं बी शाळा असंल का गं फडावर?

आज ऑफिसात गठ्ठ्यातला सही केलेला एक कागद घेतला. लिहिलं: कु. धुरपदा आश्रुबा, अत्यंत होतकरू. मग चार फुलस्केप पानांचा राजीनामा लिहिला. पहिलं वाक्य: 'तत्त्वाशी तडजोड करून मी या पदावर राहू शकत नाही.' साहेब मुंबईत आहेत आणि व्यंकटराव परवा सकाळी येणार, म्हणून त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला. झरीपर्यंत शेवटच्या बसने आणि पुढे पायी, अशी गावी निघाले. बाशी काय बोलायचं ते वाटेत ठरवीन.

६ नोव्हेंबर

बाशी काहीच बोलावं लागलं नाही. मी चिठ्ठी दाखवली, त्याने धुरपदाचं दप्तर कणगीवरून उतरवलं.

तिला घेऊन वसतिगृहात गेले. आमच्या ऑफिसापासून चालत सात मिनिटं. पाच महिन्यांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. अधीक्षक गीताबाई अंगणात शेवया वाळत घालत होत्या. मी चिठ्ठी दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी हात पुसले, चिठ्ठी घेतली आणि न वाचता उलटी केली. पाठीमागे लिहू लागल्या: सतरंजी, ताट, वाटी, तांब्या, तेलाची बाटली. शाळेचा दाखला आठ दिवसांत.

मी म्हणाले, बाई, वाचत नाही का? ही आमदारसाहेबांची आहे.

त्या म्हणाल्या, सगळ्या त्यांच्याच असत्यात. एक ट्रंक भरली. चिठ्ठ्या लय येत्यात बाई, पोरी येत न्हाईत. दिवाळी झाली की बाप घेऊन जातेत उसाला.

मी विचारलं, मग जागा?

म्हणाल्या, जूनपासून बारा खाटा रिकाम्या हायत. आमदाराच्या हापिसातून कुणी येऊन इचारलंच न्हाई.

धुरपदाने माझ्याकडे पाहिलं. मी शेवयांकडे पाहिलं.

खाट खिडकीजवळची मिळाली. गीताबाईंनी विचारलं, हिची तू कोण? धुरपदा म्हणाली, अक्का हाय माझी. आमदाराकडं असती. गीताबाई म्हणाल्या, काय करती तिथं? धुरपदाने जरा विचार केला. म्हणाली, प्रश्न विचारती.

८ नोव्हेंबर

बा-माय काल ट्रकने गेले. धुरपदा नव्हती, म्हणून मायने मोळ्या बांधायला चतुराबाईंच्या पुतण्याला घेतलं.

राजीनामा मागे घ्यायचा, असं आज पूर्ण विचारांती ठरवलं. तत्त्वतः, ज्या चिठ्ठीची गरजच नव्हती ती वशिला ठरत नाही. शिवाय वसतिगृहात अजून अकरा खाटा रिकाम्या आहेत, चिठ्ठ्या नेलेल्या त्या अकरा मुलींचे पत्ते ऑफिसच्या रजिस्टरात आहेत, आणि बाहेर पडले तर ते रजिस्टर मिळणार नाही.

तसा तो राजीनामा काल सकाळी, व्यंकटराव यायच्या आधीच, पेपरवेटखालून उचलून आणला होता. धुरपदाच्या वह्यांना कव्हरं घालायला चार मोठे कागद कमी पडत होते. इतिहासाच्या वहीवर 'तत्त्वाशी तडजोड' बाहेरच्या बाजूला आलं आहे. उलटं घालायला हवं होतं.