कोपऱ्यातला फुगवटा

धाकटे,

सगळ्यांच्या आधी उगवला तो सुतार. दहाची वेळ दिलेली, तर हा साडेआठला दारात हजर, आणि माझी अजून वेणीफणी चाललेली. (वेणीफणी कसली, चार केस उरलेत, त्यांची सुपारीएवढी गाठ.) त्याच्यामागून फळ्या भरलेला टेम्पो, मग आमची नात, आणि सगळ्यांत शेवटी तिचे कामावरचे साहेब, पांढरेशुभ्र बूट घालून. पण थांब, मी आपली सुरूच झाले. तुला अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? तुझ्या यजमानांची नवी कवळी बसली का, की अजून खिशातच असते? इकडे सगळे बरे आहेत. मला मात्र तोंड लपवायला जागा उरलेली नाही, म्हणून हे पत्र. फोनवर बोलायची सोय नाही. मला ऐकू कमी येतं म्हणून मी ओरडून बोलते, आणि ते सूनबाईला माडीवर ऐकू जातं.

तर नात. तुला सांगते, पोरगी काय हुशार निघाली! घरं काढते ती, पण कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. आणि तिथे काढलं की कारखान्यातलं यंत्र ते चित्र बघून लाकूड कापतं, माणसाने करवत हातात धरायची नाही. माझी मागची खोली तुला माहीतच आहे, एक भिंत सरळ असेल तर शपथ. कुठे आत गेलेली, कुठे पोट काढलेली. नात म्हणाली, आजी, भिंत आहे तशीच राहू दे, मी तिच्या अंगाबरोबर बसेल असं लाकूड कापून आणते, जमिनीपासून छतापर्यंत फडताळं, सगळी तुझ्यासाठी. माझे डोळेच भरले. तिचं हे पहिलं स्वतःचं काम. गावातल्या वाचनालयाचं मोठं काम तिच्या हाती द्यायचं की नाही, ते साहेब माझ्या या भिंतीवरून ठरवणार होते. हे लक्षात ठेव, म्हणजे माझं पाप किती मोठं ते कळेल.

भिंतीचं माप घ्यायला दोघं जण आले, दीड महिना झाला. नात नव्हती, ती कामाच्या गावी राहते. तीन पायांचं यंत्र खोलीच्या मध्ये ठेवतात, ते स्वतःभोवती गरगर फिरतं आणि दिसेल त्या प्रत्येक गोष्टीचं केसाएवढं माप घेतं. खोलीत माणूस नको, सामान नको. सूनबाईने एक स्टूल सोडून सगळं बाहेर काढलं आणि मला म्हणाली, आई, तासभर शेजारी जाऊन बसा. मी निघालेही. अंगणापर्यंत गेले आणि आठवलं, डबा! (तू पाठवलेला, साखरेच्या बिस्किटांचा. डॉक्टरांनी साखर बंद केल्याचं मी तुला कळवलं नव्हतं, ते आता कळवते.) कोपऱ्यातल्या स्टुलावर, जुन्या चादरीखाली तो तसाच राहिलेला. मागच्या दाराने आत शिरले, डबा उचलला, तेवढ्यात ते दोघं बोलत आले. काय करू? स्टुलावर बसले आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. त्यांनी यंत्र लावलं, कोपऱ्यात अजून गाठोडं ठेवलंय म्हणून कुरकुरले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. यंत्र घूं घूं करत होतं. आता बसलेच आहे, तर एक बिस्कीट खाल्लं. मग भीतीने दुसरं.

एवढ्यावर निभावलं असतं गं. पण आठ दिवसांनी नातीचा फोन आला आणि तो नेमका मी उचलला. आजी, त्या कोपऱ्यात भिंतीला फुगवटा आहे का मोठा? पडद्यावर दिसतोय. मी बोलून गेले, हो हो, आहे ना, तुझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे. पोरीने विश्वास ठेवला. आजीवर ठेवायचा नाही तर कुणावर?

आता त्या सकाळी काय झालं ते ऐक. बावन्न फळ्या, एकीसारखी दुसरी नाही, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर. सुतार एकेक लावत गेला आणि त्या भिंतीला अशा चिकटल्या की मध्ये कागद जाईना. बिचारा रंधा हातात धरून नुसता उभा. म्हणाला, चाळीस वर्षं मी फटीत पट्ट्या ठोकून जगलो, आता या पट्ट्यांचं काय करू? साहेब मान डोलवत होते. मी तर पदराने डोळे पुसत होते. आणि मग आला कोपरा.

एकट्या फळीत काही कळत नव्हतं. पण एकापुढे एक उभ्या केल्या तशी आत पोकळी दिसायला लागली. आधी गुडघे. मग वाकलेले खांदे. उजवं कोपर वर उचललेलं, आणि सगळ्यांत वर, डोक्यामागे, सुपारीएवढा खळगा. भिंत मात्र तिथे सपाट, ताटासारखी. सुतार पोकळीकडे बघतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा पोकळीकडे बघतो. शेवटी अगदी गोड आवाजात म्हणाला, आजी, जरा इथे टेकता का? मी म्हटलं, गुडघे दुखतात. तेव्हा तो नातीकडे वळला, ताई, मी फळी हातात घेतली की शंका तरी घेतो, हे तुमचं यंत्र शंकाच घेत नाही.

साहेब पोरीवर घसरले. नसलेला फुगवटा कापून आणलास? येऊन डोळ्यांनी बघता येत नव्हतं? सूनबाई उभी, टेम्पोवाला उभा, सगळ्यांदेखत. आजी म्हणाली होती, एवढे तीन शब्द बोलली असती तर सुटली असती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, चूक माझी आहे साहेब, मी यायला हवं होतं. आणि मी? मी चहा टाकते म्हणून आत पळाले. चहात साखर घालायला विसरले, तीच काय ती शिक्षा, आणि तीही त्यांना.

तुझी,
ताई

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. आपण दोघी एका बांध्याच्या, लहानपणी आई पाठीवरून आपल्याला ओळखत नसे. तर तू ये आणि सांग की मापाच्या दिवशी तू इथे होतीस आणि कोपऱ्यात तूच बसली होतीस. तुला साखर चालते. येताना डबा आणलास तरी चालेल, लहान.

ता. क. दुसरं. येऊ नकोस. पाकीट बंद करत होते, तर नात (ती अजून इथेच थांबलीय) टेप घेऊन आली. म्हणाली, आजी, स्वेटर विणायचाय, सरळ बस. खांदे मोजले, मग म्हणाली, उजवं कोपर जरा वर. तेही मोजलं. आकडा कुठे लिहिला नाही, नुसती मान हलवली, आणि माझ्या पदरावरचा बिस्किटाचा चुरा झटकून टाकला. आईला सांगत नाही म्हणाली. म्हणजे तिला त्या दिवशीच कळलं होतं, आणि तरी तिने बोलणी खाल्ली. धाकटे, मी त्या पोकळीत स्वतः जाऊन बसणार आहे, कोपर वर करून, सगळ्यांसमोर, सूनबाईसमोरसुद्धा. कोपऱ्याचं काय करायचं ते ठरवायला साहेब, सुतार सगळे परत येणार आहेत, गुरुवारी, चार वाजता.