उघडा राहिलेला माइक

प्रिय छोट्या,

अडतीस वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणू नये, असं सूनबाई म्हणते. पण तू छोट्यासारखा वागायचं सोडत नाहीस, तर मी तरी काय करू? तुमच्या संगीत मंडळाचं पत्र काल पोचलं. वार्षिक कार्यक्रमात 'प्रत्यक्ष वादन' या भागात मला रंगमंचावर जागा देता येत नाही, कारण माझ्याकडे सगळं आधीच तयार असतं आणि मी ते फक्त चालू करते. मात्र माझ्या उत्साहाचा मान राखून मंडळ मला बाहेरच्या दालनात, चहाच्या टेबलाशेजारी, माझं यंत्र मांडून ठेवायची परवानगी देतंय. मांडून ठेवायची! जशी काही मी विणलेल्या टोप्या विकायला येणार आहे. नाकाला मिरच्या झोंबल्या, हे कबूल करते. मग चहा केला, पत्र पुन्हा वाचलं आणि पुन्हा झोंबल्या.

तुला माझी लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. ऑर्केस्ट्रात पुढच्या रांगेत व्हायोलिन वाजवणाऱ्याची आई त्रेसष्टाव्या वर्षी बटणांचा आणि वायरींचा डबा घेऊन लोकांपुढे बसते, हे तुला सहकाऱ्यांना सांगवत नाही. पण मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइन तपासल्या. रिसीव्हर कानाला लावायचा आणि ही खरखर सैल जोडाची की सांध्यात पाणी शिरल्याची, ते नुसतं ऐकून सांगायचं. आमचे साहेब मीटर लावून तासाभराने तेच सांगायचे, फक्त टाय घालून. निवृत्त झाल्यावर हे कान काय नुसते उशीला लावून ठेवायचे होते?

डबा कसा चालतो ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. मी वाजवायला बसते तेव्हा तो रिकामा असतो. डब्याच्या छोट्या पडद्यावरचं शून्य मी पुढच्या रांगेतल्या कुणाला तरी उठवून दाखवते, तेव्हाच सुरुवात करते. मग त्याच खोलीतले आवाज घेते. कुणाच्या किल्ल्या, कुणाच्या चष्म्याचं घर, खुर्चीची कुरकुर, एखाद्याचं हसू. पाच मिनिटांत जे मिळेल ते माइकने आत घ्यायचं आणि माइक बंद करायचा. डबा तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो, आणि तो फिरत असतानाच मी तो खालच्या सुरात ओढते, ताणते, उलटा करते, दुसऱ्यावर चढवते. दोन्ही हात सतत चाललेले असतात. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणतात, त्यांचं मशीन याहून गोड वाजतं. म्हणोत बापडे, निदान ऐकतात तरी.

आता एक गोष्ट सांगते, जी मी सूनबाईलाही सांगितलेली नाही. अगदी पहिल्यांदा, महिला मंडळाच्या हॉलमध्ये, मी चोरी केली होती. आठ दिवस घरी बसून सगळं तयार केलं, डब्यात भरलं, तिथे जाऊन एक बटण दाबलं आणि पुढची वीस मिनिटं कशालाच न जोडलेली बटणं गंभीर चेहऱ्याने फिरवत बसले. काय टाळ्या पडल्या! एक बाई तर माझे हात हातात घेऊन म्हणाली की या बोटांत जादू आहे. घरी येईपर्यंत मला स्वतःची शिसारी आली होती. म्हणून हा रिकाम्या डब्याचा नियम मी स्वतःच स्वतःला घातला. तेव्हा चालू करणं म्हणजे काय आणि वाजवणं म्हणजे काय, यातला फरक मला कमिटीने शिकवू नये. मी दोन्ही करून बसले आहे.

आणि आधीच तयार असण्याचंच म्हणशील, तर तुझ्यासमोर स्टँडवर काय असतं रे? एकेक सूर छापलेला असतो, कुठे हळू आणि कुठे जोरात तेसुद्धा लिहिलेलं असतं. तरी ते जिवंतच वादन, आणि तसं मी मनापासून मानते. कारण तू चौदा वर्षांचा असताना शाळेच्या स्टेजवर तुझी तार तुटली होती. तू पांढराफटक पडलास, क्षणभर बाईंकडे पाहिलंस आणि उरलेल्या तीन तारांवर बोटं सरकवत तुकडा शेवटाला नेलास. मी तिसऱ्या रांगेत पदराला हातांचा घाम पुसत बसले होते. त्या दिवशी मला कळलं की माणसांसमोर बिघडू शकतं, आणि बिघडलं तर तिथल्या तिथे निस्तरावं लागतं, त्याला वाजवणं म्हणतात. माझ्या डब्यात तार नाही, पण बिघडायला जागा भरपूर आहे.

तर आता पत्रातल्या त्या वाक्याकडे येते. 'समितीच्या एका सदस्याने सदर सादरीकरण स्वतः पाहिले असून, त्यांच्या मते…' असं लिहिलंय. माझं शेवटचं सादरीकरण गेल्या महिन्यात वाचनालयात झालं. चोवीस खुर्च्या होत्या आणि तुमच्या समितीतला एकच माणूस तिथे आला होता. खाली तीन सह्या आहेत. तिसरी ओळखायला मला चष्माही लागला नाही, ती गिरवायला मीच शिकवली होती.

तू पाहिलंस ते खोटं नाही. पण तू आलास उशिरा, तालमीवरून. तोवर आवाज गोळा करून झाले होते, शून्य दाखवून झालं होतं. तुला दिसली ती फक्त उभी राहून बटणं फिरवणारी म्हातारी, आणि आवाज आपोआप येतायत. मग दहा मिनिटांत तू उठलास. मी पाहिलं. सूनबाईला हळूच काहीतरी म्हणालास आणि दाराकडे गेलास. मला वाटलं होतं की तू शेवटपर्यंत बसशील. फार वाईट वाटलं, छोट्या. तुझ्या शिकाऊपणाची सहा वर्षं मी ड्यूटीवरून आले की स्वयंपाकघरात उभ्याने तुझं घासणं ऐकायचे, आणि एकदाही उठून गेले नाही.

पुढे काय झालं ते तुला माहीत नाही. एक्स्चेंजमध्ये आमची सवय अशी, की समोरचा माणूस बोलायचा थांबला तरी लाइन लगेच सोडायची नाही. ती खोड माझ्या हातात मुरली आहे, आणि त्या दिवशी तीच अंगाशी आली. मी माइक बंद करायला विसरले. वाचनालयाचं ते स्प्रिंगचं दार तुझ्यामागे धाडकन आपटलं ते थेट डब्यात गेलं, आणि आठ सेकंदांनी पुन्हा आपटलं. मग पुन्हा. लोक हसायला लागले. एका बटणाने ते पुसता आलं असतं, बोट तिथपर्यंत गेलंही होतं. पण माझा पोरगा निघून गेलाय हे मला पुसावंसं वाटेना. मी ते दार खाली ओढलं, इतकं खाली की आपटणं उरलंच नाही, एक लांब, जड श्वास उरला. बाकी सगळं, किल्ल्या, खुर्ची, हसू, मी त्याच्याभोवती नव्याने बसवलं. पुढची पंचवीस मिनिटं त्या एका दारावर उभी राहिली. शेवटी एकेक आवाज काढून घेतला आणि फक्त तेवढं ठेवलं. कुणी हललं नाही. ग्रंथपाल बाई नंतर म्हणाल्या की बारा वर्षं हे दार ऐकतेय, पण ओळखूच आलं नाही. हे सगळं मी आधी कसं तयार करून ठेवणार होते? तू उठून जाणार हे मला आधी माहीत होतं का?

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते मंडळाला पाठवलं तर पाच मिनिटांत निकाल माझ्या बाजूने लागेल, पण सगळ्यांना हेही कळेल की त्यांचा तो सदस्य आईचं वादन अर्ध्यावर टाकून गेला होता. म्हणून ते मी पाठवणार नाही. त्याऐवजी आज सकाळी मंडळाच्या सेक्रेटरी बाईंना फोन केला. येत्या बुधवारी अकरा वाजता, तुमच्याच तालमीच्या खोलीत, समितीसमोर मी रिकामा डबा घेऊन बसणार आहे. बाई मोठ्या अडचणीत पडल्या, पण हो म्हणाल्या. बुधवारी तुला अचानक काहीतरी काम निघेल, हे मी तुला जन्मापासून ओळखत असल्यामुळे मला पक्कं माहीत आहे, आणि हे पत्र तेवढ्यासाठीच लिहितेय. ते काम काढू नकोस. वेळेवर ये, पुढच्या खुर्चीत बस आणि शेवटचा आवाज थांबेपर्यंत उठू नकोस. बाजू घे असं मी म्हणत नाही, घेतलीस तर मलाच राग येईल. फक्त पेन घेऊन ये. सगळं ऐकूनही हे वाजवणं नव्हे असंच तुझं मत राहिलं, तर त्या कागदावर पुन्हा सही कर, पण या खेपेला माझ्यासमोर बसून कर.

तुझीच, आणि चहाच्या टेबलाशेजारी मुळीच न बसणारी,
आई